ढवळ्या, पवळ्या आणि वजनकाटा : वाचकांचे प्रश्न

मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या गुरांची वाढ रक्तावर जाते की खाण्यावर, या एकाच गोष्टीभोवती फिरणारे बरेच प्रश्न यावेळी आलेत. सात निवडलेत. काही उत्तरं लांबलीत, त्याला इलाज नाही.

प्रश्न : सर, माझं आणि मेव्हण्याचं यावर वर्षभर भांडण चाललंय. तो म्हणतो खाण तशी माती, वळू चांगला आणला की काम झालं. मी म्हणतो ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, म्हणजे खाणंपिणं आणि सांभाळ महत्त्वाचा. तुम्ही नेमके टक्के सांगा, जीन्स किती आणि खाणं किती. पैज लागलीय.

उत्तर : पैज रद्द करा, दोघांनाही काही मिळणार नाही. एका जनावराच्या वजनाचे असे टक्के पाडताच येत नाहीत. समोर ४०० किलोचा गोऱ्हा उभा आहे, तर त्यातले १६० किलो आईबापाच्या रक्ताचे आणि २४० किलो चाऱ्याचे असं काही नसतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार असं आपण म्हणतो, ते बरोबरच आहे, पण आड काठोकाठ भरलेला आणि दोर आखूड असला तरी पोहरा कोरडाच वर येतो की. मग ज्या दिवशी पोहरा भरून आला त्या दिवशी त्यातलं किती पाणी आडाचं आणि किती दोराचं, सांगा बघू.

आता मेव्हणे म्हणतील की पुस्तकात तर आनुवंशिकतेचे आकडे छापलेले असतात, जन्मवजनाला साधारण ०.४, दूध तोडतानाच्या वजनाला ०.२ ते ०.३, वर्षाच्या वजनाला पुन्हा ०.४ च्या आसपास, ते काय मग? ते आकडे कळपातल्या फरकाचे असतात. म्हणजे एकाच कळपात एक वासरू सरासरीच्या वर का आणि दुसरं खाली का, या फरकातला किती भाग पुढच्या पिढीत उतरण्यासारखा आहे, एवढंच तो आकडा सांगतो. एकट्या जनावराला तो लावायचाच नसतो.

व्यवहारात याचा अर्थ काय होतो ते बघा. एक वळू दूध तोडताना आपल्या बरोबरीच्यांपेक्षा ४० किलोने पुढे होता. आनुवंशिकता ०.२५ धरली तर त्या ४० पैकी सरासरी १० किलोच रक्तातले समजायचे, आणि वळू वासराला स्वतःचे अर्धेच जीन्स देतो, त्यामुळे साधारण गायींवर सोडला तर वासरामागे ५ किलोची आशा धरायची. लोक ४० किलो बघून वळू आणतात आणि ५ मिळाले की फसवलं म्हणून ओरडतात. खरं तर प्रत्येक वासरामागे, दरवर्षी, काही जास्तीचं न करता ५ किलो हे थोडे नाहीत.

अजून एक गंमत. सगळ्या जनावरांना तुम्ही अगदी सारखं खायला घातलंत, सारखं सांभाळलंत, तर हा आनुवंशिकतेचा आकडा वाढतो, कारण सांभाळातला फरकच संपला, उरला तो रक्ताचा फरक. आणि कुणाला भरपूर, कुणाला उरलंसुरलं असं असेल तर आकडा खाली येतो. मेव्हण्याकडे सगळ्यांना एकसारखं मिळत असेल तर त्याला सगळीकडे रक्तच दिसणार, तुमच्याकडे तसं नसेल तर तुम्हाला चाराच दिसणार, आता तुमच्या गोठ्यात काय चाललंय ते तुम्हीच बघा.

प्रश्न : आमच्याकडे एकाच वळूचे दोन गोऱ्हे आहेत. दूध तोडलं त्या दिवशी मोठा २५० किलो भरला, धाकटा २३०. मोठा तेव्हा २२५ दिवसांचा होता आणि धाकटा १९० दिवसांचा. जन्मवजनं ३४ आणि ३५. धाकट्याची आई दोन वर्षांची पहिलारू, मोठ्याची आई सात वर्षांची आहे. पैदाशीला मोठाच ठेवावा असं घरात सगळ्यांचं मत आहे. आणि बाप एकच असताना एवढा फरक पडतोच कसा?

उत्तर : वय, जन्मवजन, आईचं वय सगळं लिहून ठेवलंत त्याबद्दल आधी शाबासकी, नाहीतर बहुतेक पत्रांत फक्त वजन असतं आणि नुसत्या वजनावर मी काय बोलणार.

हिशोब करू. मोठ्याने २२५ दिवसांत २१६ किलो कमावले, म्हणजे रोजचे ९६० ग्रॅम. धाकट्याने १९० दिवसांत १९५ किलो, म्हणजे रोजचे जवळजवळ १०२५ ग्रॅम. दोघांना २०५ दिवसांवर आणायचं, म्हणजे रोजची वाढ गुणिले २०५ आणि त्यात जन्मवजन मिळवायचं, ही जगभर बरीच चालणारी पद्धत आहे, मग मोठा येतो २३१ किलोवर आणि धाकटा २४५ वर. म्हणजे इथेच पारडं फिरलं. त्यात धाकट्याची आई पहिलारू, स्वतःच अजून वाढतेय, दूध कमी. दोन वर्षांच्या आईच्या नर वासराला या हिशोबात साधारण २५ किलोची भर देतात, जातीप्रमाणे थोडं कमीजास्त. ती धरली तर धाकटा २७० च्या घरात जातो. तुम्ही ज्याला मागे ठेवायला निघालात तो पुढे आहे, आणि चांगला पुढे आहे.

आता बाप एकच असताना फरक कसा. गुरांत गुणसूत्रांच्या ३० जोड्या असतात आणि प्रत्येक शुक्रपेशीत प्रत्येक जोडीतलं एकच जातं, कुठलं ते चिठ्ठी टाकल्यासारखं. नुसत्या एवढ्यानेच एका वळूच्या शंभर कोटींहून जास्त वेगवेगळ्या शुक्रपेशी होऊ शकतात, आणि गुणसूत्रांचे तुकडे आपसात बदलतात ते वेगळंच. सख्खी भावंडं सुद्धा सारखी निघत नाहीत, तुमचे गोऱ्हे तर सावत्र भाऊ.

आईची गोष्ट जरा नीट सांगतो कारण इथे भलेभले गोंधळतात. गाय वासराला दोनदा देते. एकदा जीन्स देते, आणि मग सहासात महिने दूध देते. आता दूध हे वासराच्या दृष्टीने काय, तर बाहेरची परिस्थिती, वातावरण. पण ती किती दूध देणार हे बऱ्यापैकी तिच्या स्वतःच्या जीन्सवर आहे. म्हणजे आईचे जीन्स हेच वासराचं वातावरण! इथे रक्त कुठे संपलं आणि सांभाळ कुठे सुरू झाला, दाखवा मला रेघ मारून. दूध तोडतानाच्या वजनाची आनुवंशिकता जन्मवजनापेक्षा कमी दिसते त्याचं एक मोठं कारण हेच, मधे आईचं दूध आलेलं असतं, त्यामुळे वासराचं स्वतःचं रक्त झाकलं जातं, आणि ते वर्षाच्या वजनात पुन्हा वर येतं. म्हणूनच पैदाशीची गणितं करणारे वजनाचे दोन आकडे काढतात, एक वासराच्या स्वतःच्या वाढीचा आणि एक आईच्या दुधाचा. आणि एखाद्या गाईचं लहानपणी सडाचं दुखणं होऊन एक सड गेला असेल तर तिची सगळी वासरं दूध तोडताना मागे राहतील, ते तिच्या जीन्समध्ये नाही आणि वासराच्याही नाही, तरी दरवर्षी दिसणार.

एक अट मात्र आहे. हा सगळा हिशोब खरा कधी, तर दोघं गोऱ्हे एकाच रानात, एकाच हंगामात, एकाच खुराकावर वाढले असतील तर. एक नदीकाठच्या कुरणात आणि दुसरा माळावर असेल तर वरचे आकडे विसरा. पहिल्या पत्रातली म्हण इथे उलटी कामाला येते, ढवळ्या खरंच भारी आहे का हे कळायला पवळ्या त्याच्या शेजारीच बांधलेला पाहिजे.

प्रश्न : थंड, कोरड्या भागातून एक वळू आणला. त्याचे सगळे आकडे उत्तम, घराणं उत्तम, डोळ्यांनीही नंबर एक. पण आमच्याकडच्या दमट उकाड्यात त्याची वासरं शेजाऱ्याच्या वशिंडवाल्या संकरित वासरांच्या मागे पडली, गोचीड वेगळीच. विकणाऱ्याने खोटे आकडे दिले असतील का?

उत्तर : विकणाऱ्याची बाजू घ्यायला मी बसलेलो नाही, पण आकडे खरे असूनही असं होतं. नेहमी होतं.

याचा एक फार सुंदर प्रयोग १९६० च्या दशकात अमेरिकेत झाला होता. उत्तरेला माँटानात माइल्स सिटी म्हणून जागा आहे, थंड आणि कोरडी. दक्षिणेला फ्लोरिडात ब्रुक्सव्हिल, गरम आणि दमट. दोन्ही ठिकाणी हेरफोर्ड जातीचेच कळप, फक्त आपापल्या जागी पिढ्यानपिढ्या निवडून वाढवलेले. संशोधकांनी काय केलं, इकडची काही गुरं तिकडे नेली आणि तिकडची इकडे आणली, आणि वर्षानुवर्षं वजनं घेत राहिले. ज्या त्या कळपाने आपापल्या घरी बाजी मारली. जात एक, दिसायला एक, आणि तरी जागा बदलली की क्रमांक बदलला. माँटानाच्या त्या कळपाचं नाव लाइन वन, १९३४ पासून राखलेला, आणि पुढे २००९ मध्ये गुरांचा पहिला जीनोम, म्हणजे सगळ्या डीएनएचा नकाशा, प्रसिद्ध झाला ना, तो ज्या गाईचा होता ती याच लाइन वनची. म्हणजे गुरांचा जो नकाशा सगळं जग वापरतं त्याचा मूळ नमुना अशा कळपातला, ज्याला फ्लोरिडात नेल्यावर उतरती कळा लागली होती. मला हे भारी वाटतं.

ऑस्ट्रेलियात रॉकहॅम्प्टनजवळ झालेलं काम तर तुमच्याच पत्राचं उत्तर आहे. हेरफोर्ड-शॉर्टहॉर्न या बिनवशिंडाच्या विलायती जातींचा संकर एका बाजूला, वशिंडवाल्या ब्राह्मण जातीचा संकर दुसऱ्या बाजूला. (ब्राह्मण ही जात अमेरिकेत घडवली, पण तिच्या मुळाशी गीर, ओंगोल, कांक्रेज अशी आपल्याकडचीच गुरं आहेत.) सावली, चांगला खुराक, गोचीड नाही, जंत नाहीत अशा ठिकाणी हेरफोर्ड-शॉर्टहॉर्न जोरात वाढली. तीच गुरं उघड्या रानात, उकाड्यात, गोचीड-जंतांत सोडली तर सगळ्यात मागे, आणि ब्राह्मण संकर पुढे. का, तर जोरात वाढणाऱ्याची भूक मोठी आणि शरीराची भट्टी सतत पेटलेली, ती उष्णता बाहेर टाकायला जागा नाही मिळाली की जनावर खाणं कमी करतं, आणि खाणं कमी झालं की वाढीचे सगळे जीन्स बसून राहतात. वशिंडवाल्याची भट्टी मुळातच मंद, घामाची व्यवस्था चांगली, कातडीवर गोचीड कमी टिकते. त्याची वाढीची कमाल मर्यादा कमी, पण त्या मर्यादेतलं त्याला रानात बरंचसं गाठता येतं. तुमच्या वळूची मर्यादा उंच आहे, ती गाठण्यासारखी परिस्थिती त्याच्या वासरांना मिळाली नाही.

डोंगराळ भागाचं तर विचारूच नका. साधारण १५०० मीटरच्या वर विरळ हवेत काही गुरांच्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळतात, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो, छातीपुढे पाणी साचतं आणि जनावर जातं. कोणाला होणार हे बरंचसं घराण्यावर असतं. सपाटीवर तेच घराणं अव्वल, तिथे या दोषाचा कधी पत्ताच लागत नाही, म्हणून वर न्यायच्या वळूंचा फुप्फुसातला रक्तदाब आधी मोजतात.

ॲलन रॉबर्टसन नावाच्या शास्त्रज्ञाने १९५९ मध्ये यासाठी एक पट्टी दिली, ती अजून वापरतात. एकाच वळूंची वासरं दोन वेगळ्या परिस्थितीत वाढवायची आणि दोन्हीकडच्या वजनाला दोन वेगळे गुण समजून त्यांचा जनुकीय संबंध काढायचा. तो १ असेल तर दोन्हीकडे वळूंचा क्रम तोच. ०.८ च्या खाली गेला की समजायचं, इथे निवडलेला तिथे चालेलच असं नाही.

आता करायचं काय. वळू विकून मोकळे होऊ नका. त्याच्या रक्ताच्या कालवडींवर वशिंडवाला वळू वापरून बघा. इतक्या लांबच्या दोन जातींच्या संकरात जोम जास्त मिळतो, आणि अवघड परिस्थितीत तर तो आणखी उठून दिसतो. आणि पुढच्या वेळी वळू बघायला जाल तेव्हा तो किती वाढला हे दुसरं विचारा, आधी विचारा तो कुठे आणि कशावर वाढला.

प्रश्न : सर, मी पशुवैद्यकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वाढीचा नेमका जीन कोणता? परीक्षेत एका वाक्यात विचारतात.

उत्तर : एका वाक्यात : एक नाही, शेकडो आहेत आणि बहुतेकांचा वाटा चिमूटभर. परीक्षेला एवढं पुरेल, आता खरं ऐक.

काही मोठे मासे आहेत. मायोस्टॅटिन हा जीन स्नायूंच्या वाढीला लगाम घालतो. बेल्जियन ब्लू जातीत त्याची ११ अक्षरं गळालेली आहेत हे १९९७ मध्ये सापडलं, लगामच तुटला, म्हणून ती गुरं व्यायामशाळेतून आल्यासारखी दिसतात. पण वासरं जन्मतःच इतकी भरलेली की बऱ्याच गायींचं पोट फाडून वासरू काढावं लागतं. जिथे डॉक्टर आणि शस्त्रक्रियेची सोय हाताशी आहे तिथे हा जीन वरदान, आणि माणूस महिन्यातून एकदा फिरकतो अशा मोकळ्या रानात तोच जीन गाईचा जीव घेईल. जीन एकच बरं का, अक्षरही बदललेलं नाही. चौदाव्या गुणसूत्रावरचा पीएलएजी-१ हा उंची-वजनावर परिणाम करतो. सेनेपोल जातीत प्रोलॅक्टिन या संप्रेरकाच्या रिसेप्टरचा जीन बदललेला आहे, त्याने केस आखूड आणि गुळगुळीत होतात. तो तसा केसांचा जीन, पण उकाड्यात अंग थंड राहतं, जनावर चरत राहतं, म्हणजे तिथे तो वाढीलाही हातभार लावतो. थंडीत त्याच आखूड केसांनी काय होईल याचा तूच विचार कर.

प्रश्न : जितकी मोठी गाय तितकं चांगलं, बरोबर ना?

उत्तर : नाही. ६०० किलोच्या गाईला ५०० किलोच्या गाईपेक्षा नुसतं जिवंत राहायलाच साधारण १५ टक्के जास्त खायला लागतं. ते रोज मिळत असेल तर ठीक. मिळत नसेल तर आधी तिचं अंग उतरतं, मग ती माजावर यायची थांबते, आणि मग मोठी गाय वर्षभर रिकामी सांभाळा.

प्रश्न : एका वासराची लहानपणी फार आबाळ झाली. आता भरपूर खायला घातलं तर भरून निघेल का? आणि त्याच्या पुढच्या पिढीत हे उतरेल का?

उत्तर : आबाळ कधी झाली त्यावर आहे. दूध तोडल्यानंतर काही महिने चारा कमी पडला असेल तर बरंचसं भरून निघतं. उपाशी राहिलेल्या जनावराचं यकृत-आतडी लहान झालेली असतात, घरखर्च कमी झालेला असतो, त्यात एकदम चांगला चारा मिळाला की ते अधाशासारखं खातं आणि काही काळ बरोबरीच्यांपेक्षा जोरात वाढतं. फक्त पी हळद आणि हो गोरी असं करू नका, एकदम दाणा ओतला तर पोट बिघडेल, हळूहळू वाढवा.

आबाळ पोटात असताना झाली असेल तर गोष्ट वेगळी. गाय साधारण २८३ दिवस गाभण असते. स्नायूंचे धागे किती असणार हे जन्माआधीच ठरतं, बहुतेक गाभणपणाच्या मधल्या काळात, जन्मानंतर ते जाड होतात पण संख्या जवळजवळ तीच राहते. आपण काय करतो, तर गाय व्यायली की तिच्याकडे बघतो, आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात ती रानात काय खातेय याकडे कुणाचं लक्ष नसतं. मग उत्तम वळूचं वासरू किडकिडीत निघालं की वळूला नावं ठेवायची!

पुढच्या पिढीचं म्हणाल तर उपासमारीने जीन्सची अक्षरं बदलत नाहीत. ते वासरू आपल्या पोरांना तेच देणार जे धष्टपुष्ट असतं तर दिलं असतं. त्यामुळे घराणं चांगलं असेल तर नुसत्या हडकुळ्या अंगावरून त्याला काढून टाकू नका. जीन्स कुठले चालू आणि कुठले बंद यावरच्या रासायनिक खुणा मात्र पोटातल्या परिस्थितीने बदलू शकतात. शिवाय कालवड आईच्या पोटात असतानाच तिच्या अंडाशयात तिची बीजं तयार झालेली असतात, म्हणजे एका गाभण गाईला वैरण टाकता तेव्हा एकाच वेळी तीन पिढ्यांना टाकता.

प्रश्न : आता शेपटीच्या केसांवरून डीएनए टेस्ट होते आणि जनावर किती वाढणार ते आधीच कळतं म्हणे. मग वजनकाटा विकून टाकू का?

उत्तर : नको. ती टेस्ट जनावराच्या डीएनएवरच्या हजारो खुणा वाचते, ५० हजार खुणांची चिप सर्रास वापरतात, पण कुठल्या खुणेला किती किलो हे तिला कुणी सांगितलं? ज्यांची वजनं कुणीतरी खरोखर काट्यावर घेतली अशा हजारो जनावरांनी. ती जनावरं तुमच्या जातीची नसतील, किंवा तुमच्यासारख्या हवेत आणि चाऱ्यावर वाढलेली नसतील, तर अंदाज ढिला पडतो. टेस्ट जरूर करा, लहान वासरांतून निवड करायला तिचा खरंच उपयोग होतो, वळू मोठा होऊन त्याची वासरं वाढेपर्यंतची चारपाच वर्षं वाचतात. पण तुमच्याकडची वजनं त्या साठ्यात गेलीच नाहीत तर ती टेस्ट दुसऱ्याच कुणाच्या रानाचं भविष्य सांगत राहील. काटा ठेवा, आणि पावसाळ्यात तो गंजतो, तेवढं बघा.